पाचव्या थरातली चौदा खापरं

आमच्या काकांच्या घरात एकही कप धड नव्हता आणि एकही कप कधी टाकून दिलेला नव्हता. पाहुणा आला की काकू आधी कपाचा कान ओढून बघायची आणि मगच त्यात चहा ओतायची. एकदा गडबडीत ते राहिलं. माझ्या वडिलांच्या हातात नुसता कान उरला आणि बाकीचा कप चहासकट मांडीवर. वडील किंचाळले. काका खाली वाकून म्हणाले, "दादा, पाय हलवू नकोस, एक तुकडा तुझ्या खुर्चीखाली गेलाय." सख्खा थोरला भाऊ भाजला होता, पण काकांना तुकडाच दिसत होता. वडील पुढे वर्षभर त्यांच्याकडे पत्र्याच्या मगातून चहा घेत होते.

काकांना जाऊन आता चार वर्षं झाली. सगळे त्यांना डिंककाका म्हणायचे. त्यांच्या बोटांना कायम काहीतरी चिकटलेलं असायचं म्हणून हे नाव पडलं होतं. खरं तर ते वापरायचे तो डिंक नव्हताच, बाटलीतून येणारा पातळ रासायनिक गोंद होता, पण नाव एकदा चिकटलं की सुटत नाही.

गावाबाहेर, नदीच्या जुन्या पात्राला लागून एक टेकाड होतं. त्याच्या पोटात एक फार जुनं शहर निघालं. शहर निघालं म्हणजे मुख्यतः फुटकी भांडी निघाली. राजवाडे आणि सोनं लोकांच्या डोक्यात असतं. जमिनीतून निघतात ती खापरं, पाट्याच्या पाट्या भरून. ती धुवायची, वाळवायची, त्यांच्यावर नंबर घालायचे आणि जुळतील ती जोडायची, यासाठी टेकाडाच्या पायथ्याशी पत्र्याची लांबलचक शेड होती. काकांनी तिथे बत्तीस वर्षं काढली.

गेले होते मातीच्या पाट्या वाहायला. दहाव्या दिवशी त्यांनी टाकाऊ ढिगातले दोन तुकडे उचलले, साहेबांसमोर धरले आणि म्हणाले, "हे एकच आहे." साहेब म्हणजे खोदकामाचे मुख्य. उंच, चश्मा कपाळावर, आणि कपाळावरचाच चश्मा शोधत फिरणारे. त्यांनी तुकडे बघितले. एक तांबडा, एक जवळजवळ काळा. "रंग वेगळे आहेत की," साहेब म्हणाले. काकांनी दोन्ही कडा एकमेकींवर टेकवल्या आणि हात सोडला. तुकडे तसेच राहिले. "एक भाग आगीत पडला असेल," काका म्हणाले, "पण बसलं ना." त्या दिवसापासून पाटी सुटली.

मी शेडमध्ये गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. परीक्षेत गणिताने माझा निकाल लावला होता आणि मी घरात तोंड लपवून बसले होते. काका आले, माझी वही उघडून बघितली आणि वडिलांना म्हणाले, "दादा, हिचं अक्षर मुंगीएवढं आहे. आमच्याकडे मुंगीला काम आहे." काम असं, की खापराच्या आतल्या बाजूला बिनरंगाच्या नेलपॉलिशची एक पट्टी ओढायची, ती वाळली की काळ्या शाईने खोदकामाचा चर कितवा, मातीचा थर कितवा ते लिहायचं, आणि वर पुन्हा एक पट्टी. नेलपॉलिश मी खोक्याने आणायचे. दुकानदारीण विचारायची, "बाई, किती बोटं आहेत गं तुला?"

शेडचा वास मला अजून येतो. ओली माती, नेलपॉलिश, तापलेला पत्रा. मध्ये दोन लांब टेबलं, त्यांवर वाळूने भरलेले ट्रे. जोडलेलं खापर वाळूत उभं खोचून ठेवायचं, म्हणजे गोंद धरेपर्यंत ते हलत नाही. काका त्यासमोर डोळे मिटून बसायचे. एका हातात एक तुकडा, दुसऱ्यात दुसरा, आणि अंगठा तुटलेल्या कडेवरून हळूहळू फिरायचा. बघणाऱ्याला वाटावं, झोपले. मग एकदम म्हणायचे, "बसलं." एवढा एकच शब्द, पण धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. "जुळलं" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणायचे, "जुळतात त्या पत्रिका. तुकडा बसतो तरी, नाहीतर बसत नाही."

स्वभाव सरळ होता असं मात्र मी म्हणणार नाही. रुसायचे. कुणी घाई केली की हातातला तुकडा वाळूत ठेवून बाहेर जाऊन बसायचे. चुकलं तर दोष गोंदाचा, हवेचा, बाटलीच्या बुचाचा. त्यांचा कधीच नाही. एका बाबतीत मात्र ते कडक होते. रांजणाचा जो भाग सापडलाच नाही तिथे प्लॅस्टर भरायचं, आणि त्याला रंग द्यायचा तो मूळ रंगापेक्षा एक छटा फिका. फोटो काढणारे एकदा म्हणाले, "अहो, तोच रंग द्या की, फोटो झकास येईल." काका म्हणाले, "खोटं ते खोटं दिसलं पाहिजे." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते वाक्य त्यांनाच किती टोचत असणार, हे मला माहीत नव्हतं.

त्या शहराचा सगळा इतिहास मी पुस्तकातून नाही, त्या टेबलावर शिकले. थर वरून मोजतात. पहिला सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात अलीकडचा; आठवा तळाचा, सगळ्यात जुना. काका आठव्या थराचं खापर माझ्या हातात द्यायचे. "बघ, हाताने थापलंय. बोटाचे ठसे आहेत. कुणा बाईने आपल्या घरापुरतं केलं." मग सातवा, सहावा. चाक आलं, भांडी पातळ झाली, नक्षी आली, गंमत आली. आणि पाचवा थर म्हणजे शहराचा भरभराटीचा काळ. तिथले वाडगे एकावर एक रचले तर गठ्ठा सरळ उभा राहायचा, कारण सगळे एका मापाचे. रांजणांच्या कानांवर तोच एक शिक्का.

"सरकार आलं," काका म्हणायचे.

"कशावरून?"

"अगं, माणूस आपल्या मनाने दोन वाडगे कधी सारखे करतो का? कुणीतरी उरावर बसून माप घेतंय. धान्य मोजून देतंय, मोजून घेतंय. राजा असेल, देवळातला पुजारी असेल. पण पाचव्या थरात कुणीतरी साहेब आहे."

आणि दुसरा थर. शहर ओस पडल्यावर कधीतरी त्याच्या पडक्या भिंतींवर झोपड्या घालून राहिलेली माणसं. त्यांची भांडी काळी, जाड, खडबडीत. मला ती आवडायची नाहीत, कारण खडबडीत पृष्ठभागावर शाई पसरते.

मी लागल्यानंतर सहाव्या वर्षी साहेबांचं पुस्तक आलं. काय दिवस होता तो! साहेबांनी स्वतः शेडमध्ये आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, एखादं तान्हं मूल आणावं तसं. सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं, धुणाऱ्या बायकांनाही, आणि शेवटचं प्रकरण उभ्याने वाचून दाखवलं. ते शहराच्या अंताचं होतं. साहेबांचं म्हणणं असं, की हे शहर बाहेरून आलेल्या टोळ्यांनी संपवलं. पाचव्या थरात, ऐन भरभराटीच्या काळात, राख सापडते. आणि त्याच थरात त्या काळ्या खडबडीत भांड्यांची चौदा खापरं सापडतात. म्हणजे झोपड्यांतली माणसं नंतर येऊन राहिली नाहीत. ती शहर नांदत असतानाच चालून आली, त्यांनी आग लावली, लोक मारले आणि मग त्याच राखेवर घरं बांधली. साहेब फार सुंदर वाचायचे. वेशीवरचा आरडाओरडा ऐकू आला आम्हाला. एक धुणारी बाई डोळे पुसत होती.

टाळ्या वाजल्या. काकांनी वाजवल्या नाहीत. ते टेबलाच्या कडेला हात धरून उभे होते आणि तोंडाचा रंग प्लॅस्टरसारखा झाला होता. मला वाटलं, चक्कर येतेय. दुपारच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही. उठून शेडच्या मागच्या गोदामात गेले. मी पाणी घेऊन मागोमाग गेले, तर पोत्यांच्या मध्ये जमिनीवर बसलेले.

"काका, बरं नाही का?"

"ती चौदा खापरं," काका म्हणाले, "पाचव्या थरातली नसतील बहुतेक."

मग सगळं बाहेर आलं. मी लागण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. काकांचं दुसरं वर्ष. धुतलेल्या खापरांचे अकरा ट्रे अंगणातल्या लाकडी मांडणीवर वाळत होते. नंबर अजून घातलेले नव्हते, प्रत्येक ट्रेसोबत फक्त एक चिठ्ठी. दुपारी सगळे जेवायला गेलेले, काका एकटे राखणीला. मांडणीचा एक पाय कुजलेला होता. तो गेला आणि अकराच्या अकरा ट्रे जमिनीवर. चार-पाच हजार तुकड्यांचा एक ढीग.

"ओरडायचं होतं," काका म्हणाले. "साहेबांना बोलवायचं होतं. ते म्हणाले असते, टाकून द्या, हे आता कामाचं नाही. संपलं असतं. पण मला वाटलं, मला कळतं की. मी हाताने ओळखतो. लोक जेवून यायच्या आत सगळी परत ट्रेमध्ये लावली मी. रंगावरून, जाडीवरून. बरोबरच लावली. फक्त ती मूठभर काळी. ती कुठल्या ट्रेत होती ते आठवेना. दुसऱ्या थराच्या ट्रेशेजारी पडलेली होती आणि पाचव्या थराच्या ट्रेच्याही शेजारी. पावलं वाजली. मी ती पाचव्यात ढकलली."

बाहेर साहेब कुणाशी तरी हसत होते.

"मला काय माहीत गं," काका म्हणाले, "चौदा तुकड्यांत गाव जळेल म्हणून."

मी म्हटलं, साहेबांना सांगा. आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, "सांगू काय? माझीच खात्री नाही. असतील खरंच पाचव्यातली. नुसत्या संशयावर माणसाची हयात पाण्यात घालू? त्या काळ्या भांड्याचा एक तरी बसता तुकडा सापडू दे. दुसऱ्या चरातला, दुसऱ्या वर्षीचा, जो त्या मांडणीवर कधी नव्हताच. तो दुसऱ्या थराचा निघाला की झालं, ही चौदाही दुसऱ्याच थराची. मग जाऊन सांगतो."

बोलणं बिनतोड होतं. पण बिनतोड बोलण्याआड माणूस भीती लपवू शकतो, आणि काकांनी ती लपवली. मी त्यांची पुतणी आहे, त्यांच्यावर माझा जीव होता, तरी हे लिहायलाच हवं. साहेबांनी त्यांना पाटी वाहण्यातून उचललं होतं. त्या माणसाच्या नजरेतून उतरायची त्यांची छाती नव्हती.

त्या दिवसापासून त्यांची दुपारची सुट्टी गोदामात जाऊ लागली. पाच मिनिटांत डबा संपवायचा आणि मागे जायचं. सगळ्यांना वाटे, काका डुलकी काढतात. थट्टा व्हायची. काका हसून घ्यायचे. दुसऱ्या थराच्या तीनशे बारा पिशव्या होत्या. एक पिशवी उघडायची, पाचव्या थराच्या पिशवीतून काढून रुमालात बांधलेली ती चौदा खापरं सोडायची आणि पिशवीतल्या प्रत्येक काळ्या तुकड्याशी एकेक लावून बघायचं. एका पिशवीला कधी तीन आठवडे, कधी दोन महिने. तेवीस वर्षं हे चाललं.

तेवीस वर्षं म्हटलं की भयंकर वाटतं, पण खरं सांगू का, ते आमचे फार चांगले दिवस होते. शेड भरलेली असायची. सकाळी धुणाऱ्या बायका टबाभोवती बसून सुनांची, सासवांची उणीदुणी काढायच्या, आणि ऐकता ऐकता माझा थर तीन लिहायचा तो आठ व्हायचा. मुकादम रोज नवी पाटी आणून टेबलावर दाणकन आदळायचे आणि काका रोज ओरडायचे, "हळू! चार हजार वर्षं टिकलंय, तुमच्या हातून मरायचंय का?" साहेब दुपारी यायचे, ट्रेवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "किती झाली जोडून?" काका आकडा सांगायचे. साहेब मान हलवून जायचे. त्यांची पाठ वळली की काका माझ्याकडे बघायचे, आणि मी नंबर घालण्यात बुडून जायचे. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी गोदामात काकांना तसा शब्द दिला होता. पण पुस्तक गाजत गेलं, शाळेतली पोरं टेकाडावर सहलीला येऊन "इथेच कत्तल झाली ना?" विचारू लागली, तेव्हा मला वाटायचं, आम्ही दोघंच त्या बिचाऱ्या झोपडीवाल्यांच्या नावावर खून चढवून बसलोय.

मग हळूहळू सगळं उतरणीला लागलं. साहेब निवृत्त झाले. खोदकाम थांबलं. धुणाऱ्या बायका आठाच्या तीन झाल्या, तीनाची एक, आणि मग टब पालथे घातले गेले. शेवटी शेडमध्ये काका, मी आणि एक पंखा, तोही एकाच बाजूला मान वळवणारा. काकांचं निवृत्तीचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी कागद आला. शेड बंद करायची. नक्षीची खापरं संग्रहालयात जातील. बिननक्षीची सगळी जुन्या चरात टाकून वर माती लोटायची. मुदत दोन महिने. दुसऱ्या थरातलं एकही खापर नक्षीचं नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांचं पत्र आलं, थरथरत्या अक्षरात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, मुद्रितं लेकीकडून वाचून घेऊन तपासतोय, तुमची आठवण येते.

काकांच्या तीनशे बारा पिशव्या एकदा बघून संपल्या होत्या आणि ते दुसऱ्यांदा पहिल्यापासून लागले होते. कारण मला कळत होतं. त्यांची बोटं गेली होती. इतक्या वर्षांच्या गोंदाने अंगठ्याचं कातडं पुठ्ठ्यासारखं झालं होतं. तुकडा बसला असता तरी त्यांना कळला नसता. ते त्यांनाही माहीत होतं, पण बोलायचं कुणी?

मी बोलले. म्हटलं, "काका, सरका. मी बघते."

"तुला काय येतंय? तू नंबरवाली."

"मुंगीला स्पर्शच असतो, डोळे कुठे असतात," मी म्हटलं. रुसले. बाहेर जाऊन बसले. दहा मिनिटांनी आत आले, रुमाल माझ्यासमोर ठेवला आणि शिकवायला लागले. डोळे मीट. जोर लावू नकोस. अंगठा कडेवरून ने, कड आपणहून सांगते. पहिले चार दिवस मला कडेने काहीच सांगितलं नाही. मग सांगायला लागली. दीड महिना आम्ही दुसरं काही केलं नाही. एका बाजूने मजूर पोती उचलून चराकडे नेत होते आणि दुसऱ्या बाजूने मी पिशव्या उपसत होते, काका पहिलीपासून आले होते म्हणून मी शेवटच्या पिशवीपासून उलट. काका दारात आडवे उभे राहून मजुरांना म्हणायचे, "हे नंतर. हेही नंतर. ते न्या, ते सहाव्या थराचं आहे."

मंगळवार होता. पिशवी दोनशे एकाहत्तर. शेजारच्या चरातली, मांडणी पडली त्याच्या पुढच्या वर्षीची. तुकडा तळहाताएवढा, बुडाचा. चौदातला नववा त्याच्या कडेला लावला आणि माझा अंगठा अडकलाच नाही. सरळ गेला. जिथे दोन तुकडे होते तिथे एकच होता. मी डोळे उघडायला घाबरले. तसाच हात काकांपुढे केला. त्यांनी तो घेतला, खिडकीशी नेला, उजेडात धरला. फटीतून उजेड आला नाही.

"बसलं," काका म्हणाले. आणि तिथेच पोत्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

साहेब तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे, मुलीजवळ. आम्ही बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून ते दोन तुकडे नेले होते. प्रत्येक जिन्यावर काका थांबायचे. दमले म्हणून नव्हे. दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "उद्या येऊ या का?" मी त्यांचा दंड धरला आणि वर नेलं.

साहेबांनी काकांना मिठी मारली. डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं. लेकीला म्हणाले, "चहा टाक, धड कपात, हे कप फोडायला टपलेले असतात." टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा होता. त्यावर हात ठेवून साहेब म्हणाले, "हे सगळं तुमच्या बोटांवर उभं आहे बरं."

काकांनी डबा उघडला. बसले नाहीत, उभ्यानेच सांगितलं. मांडणी, ट्रे, मूठभर काळी खापरं, पावलांचा आवाज, तेवीस वर्षं, मंगळवार. एकही शब्द स्वतःच्या बाजूने घातला नाही. गोंदाला, हवेला दोष दिला नाही.

साहेबांनी हात पुढे केला. तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते एकमेकांवर टेकवले, काढले, पुन्हा टेकवले. किती वेळ ते करत होते कोण जाणे. साहेबांची लेक दारात ट्रे धरून उभी होती, तिला पुढे यावं की जावं कळेना.

"तेवीस वर्षं," साहेब म्हणाले, "मी हे पोरांना शिकवलं. तेवीस वर्षं तुम्ही मला शिकवू दिलंत."

"हो, साहेब."

"चालते व्हा म्हणायला हवं तुम्हाला."

"हो, साहेब."

पण म्हणाले नाहीत. गठ्ठ्यातून शेवटचं प्रकरण काढलं. एकोणीस पानं होती. लाल पेन्सिल घेतली आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. दिसत नव्हतं म्हणून डाव्या हाताने पानाची कड चाचपत, एकेक. काका भिंतीकडे बघत होते. मीही बघू शकले नाही.

"तिथे लिहा, साहेब," काका म्हणाले, "चूक शेडमधल्या माणसाची."

"चौदा खापरांवर आख्खं शहर जाळणारा माणूस शेडमध्ये नव्हता," साहेब म्हणाले. "मला आग हवी होती. ती राख कुंभारांच्या भट्ट्यांची असू शकते असं मुकादम म्हणाला होता मला. मी ऐकलं नाही." मग पेन्सिल ठेवून, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "पण मग गेले कशाने?"

आणि काका बोलले, हळू, आपल्या नेहमीच्या शेडमधल्या आवाजात.

"माप बिघडलं, साहेब. चौथ्या थरात वाडगे रचून बघा, गठ्ठा उभा राहत नाही. माप घेणारं कुणी उरलं नव्हतं. रांजणांवरचा शिक्का जातो. मग भांडी लहान होतात. पाचव्या थरातलं शिजवायचं भांडं दहा माणसांचं, चौथ्यातलं पाचांचं. तिसऱ्यात दोन माणसांपुरतं. धाकटी माणसं कुठेतरी निघून गेली असणार, जिथे पोट भरेल तिथे. म्हातारी राहिली. आणि तिसऱ्या थरात भांडी सांधलेली आहेत. तडा गेला की दोन बाजूंना भोकं पाडून दोरीने आवळलेली. पाचव्यात असं एक नाही. तिथे फुटलं की नवं आणायचे. ज्याला उद्या कुणी मारायला येणार आहे तो आज भांडं सांधत बसत नाही. कुणी आलं नाही, साहेब. होतं ते पुरवून पुरवून वापरलं त्यांनी, आणि एक दिवस शेवटचं घर बंद झालं. काळ्या भांड्यांची माणसं आली तेव्हा रिकाम्या भिंती होत्या."

मी एकोणतीस वर्षं त्यांच्या शेजारी बसले होते. हे एवढं एका दमात त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांचे हात टेबलावर उघडे पडले होते. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पुस्तक यायच्या आधीपासून."

"आधीपासून? मग बोलला का नाहीत?"

काका गोंधळले. सरळ उत्तर होतं आणि ते देणं त्यांना उद्धटपणा वाटत असावा. मग म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, साहेब. तुम्ही रोज फक्त विचारायचात, किती झाली जोडून."

साहेबांनी हाताने चाचपून शेजारची खुर्ची ओढली आणि काकांना तिच्यावर बसायला लावलं. इतक्या वर्षांत काका साहेबांसमोर कधी बसले नव्हते. साहेबांनी रेघ मारलेलं एक पान पालथं केलं, कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली आणि काकांकडे तोंड करून म्हणाले, "चुकलं माझं. आता विचारतो."